'फोरकास्ट'मधला 'कास्ट' म्हणजे नेमकं काय?

पागोळी

दर एप्रिलमध्ये हवामान खातं मोसमी पावसाचा पहिला अंदाज देतं आणि पुढे दोन महिने सगळ्यांच्या तोंडी 'फोरकास्ट' असतो. शब्द इतका अंगवळणी पडलाय की त्याच्या पोटात काय आहे हे कुणी बघत नाही. 'फोर' म्हणजे आधी, हे ठीक. पण 'कास्ट' म्हणजे फेकणं, टाकणं. आधी फेकणं? काय फेकणं?

थोडं वाचलं ते इथे टाकते. भर घाला, खोडून काढा.

इंग्रजीत पुढचं ओळखण्याच्या शब्दांचं मोठं गणगोत आहे आणि त्यातले बरेच बाहेरून आलेले. प्रेडिक्शन लॅटिनमधून, 'आधी बोलणं'. प्रॉफसी ग्रीकमधून, तिथेही मुळात बोलणंच. प्रॉग्नोसिस ग्रीक, 'आधी जाणणं'. त्यातला ग्नो म्हणजे आपल्या 'ज्ञा'चा लांबचा भाऊ. प्रॉव्हिडन्स लॅटिन, 'पुढचं पाहणं', आणि प्रूडन्स हे त्याचंच आवळून लहान झालेलं रूप. म्हणजे कुणी आधी बोलतो, कुणी आधी जाणतो, कुणी आधी बघतो. फोरकास्ट तेवढा आधी फेकतो! आणि तो लॅटिन-ग्रीकही नाही. 'फोर' अस्सल जुना इंग्रजी आणि 'कास्ट' व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या 'कास्टा'वरून आलेला.

चौदाव्या शतकाच्या शेवटी हे क्रियापद दिसू लागतं तेव्हा त्याचा ढगांशी काही संबंध नाही. अर्थ आहे आगाऊ बेत रचणं, डाव आखणं. १६११ च्या किंग जेम्स बायबलात, दानिएलच्या पुस्तकात (११:२४) एक राजा मजबूत गडांविरुद्ध आपले डाव 'फोरकास्ट' करील असं वाक्य आहे. आज वाचलं तर राजा गडावरचं तापमान सांगतोय असं वाटेल. पंधराव्या शतकात नाम म्हणून आला तेव्हा अर्थ होता दूरदृष्टी, पुढचा विचार करून वागण्याचं शहाणपण. हवामानाला तो पक्का चिकटला फार उशिरा, १८६१ नंतर, आणि त्यामागे एका दर्यावर्दी माणसाचा हट्ट आहे. त्याच्यावर सवडीनं लिहिते.

तोवर प्रश्न असा : 'फेकणं'वरून 'बेत रचणं'पर्यंत गाडी आली कशी?

टोचा

यात अवघड काय आहे? खात्यातले लोक फेकतात हे आम्हाला कधीपासून माहीत आहे.

खाडीकाठ

:)) टोचाभाऊ, पहिला प्रतिसाद तुमचाच येणार हे फोरकास्ट मी केलंच होतं.

मला वाटतं जाळ्यावरून आला असणार. आमच्याकडे पाग टाकतात, गोल फेकायचं जाळं. टाकणारा आधी पाण्याचा रंग बघतो, वारा बघतो, भरती किती चढलीय ते बघतो आणि मगच हात फिरवतो. आधी विचार, मग फेक. व्हायकिंग दर्यावरचेच लोक, तेव्हा पटण्यासारखं आहे.

जुनापुराणा

खाडीकाठ, चित्र सुरेख आहे, पण व्युत्पत्ती तशी नाही. शब्दाचा रस्ता दर्यावरून जात नाही, वाण्याच्या पेढीवरून जातो.

मध्ययुगीन युरोपात हिशोब कागदावर होत नसे. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करून बघा, म्हणजे कारण कळेल. टेबलावर रेघा आखलेला पट असायचा. एका रेघेवर एकं, वरच्या रेघेवर दहं, त्यावर शतं. त्या रेघांवर धातूच्या चकत्या टाकायच्या, एका रेघेवर दहा झाल्या की उचलून वरच्या रेघेवर एक टाकायची. या चकत्या 'टाकण्या'वरून इंग्रजीत हिशोब करण्यालाच 'कास्ट' म्हणू लागले. 'कास्टिंग अकाउंट्स' म्हणजे हिशोब मांडणं; जुन्या पठडीतले लेखापाल आकड्यांच्या रकान्याची बेरीज करण्याला अजूनही कास्टिंगच म्हणतात. फ्रेंचांकडे त्या चकतीचं नावच 'जतों', आणि तो शब्द 'जते' म्हणजे फेकणं यावरून. दोन शेजारी भाषांनी एकच गोष्ट पाहून एकच शब्द केला, याहून चांगला पुरावा मिळायचा नाही.

फेकणं, मग मोजणं, मग मनात जुळवणी करणं, मग बेत रचणं. त्याला 'आधी' लावलं की फोरकास्ट. जन्मपत्रिका मांडण्यालाही इंग्रजीत 'होरोस्कोप कास्ट करणं' म्हणतात, तेही याच अर्थानं : ग्रहांचं गणित मांडणं.

पागोळी

जुनापुराणा, हेच हवं होतं. आता तो दर्यावर्दी माणूस किती नेमकं बोलला होता ते कळेल.

रॉबर्ट फिट्झरॉय. डार्विनला घेऊन १८३१ ते १८३६ जगाची फेरी केलेल्या 'बीगल' जहाजाचा कप्तान. मधे दोनेक वर्षं न्यूझीलंडचा गव्हर्नर होता. १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारनं व्यापार मंडळात हवामानाचं एक छोटं खातं काढलं आणि त्याला तिथे बसवलं. काम काय, तर जहाजांनी आणलेल्या नोंदींची कोष्टकं करायची. पुढचं सांगा असं त्याला कुणीही म्हटलेलं नव्हतं.

मग २५-२६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या अँगलसी बेटाच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींवरून परतणारी माणसं होती त्यात, सोन्यासकट. घर हाकेच्या अंतरावर आलेलं. साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. फिट्झरॉयचं म्हणणं असं की तारायंत्र आलेलं आहे, बॅरोमीटर आहेत. वादळ एका किनाऱ्यावर असताना दुसऱ्या किनाऱ्याला कळवता का येऊ नये? परवानगी मिळाली. किनाऱ्यावरच्या ठाण्यांवरून रोज सकाळी तारा येऊ लागल्या आणि फेब्रुवारी १८६१ पासून वादळाचे इशारे सुरू झाले. बंदरावरच्या काठीवर कॅनव्हासचा काळा शंकू चढवायचा. टोक वर असेल तर वारा उत्तरेकडून, टोक खाली असेल तर दक्षिणेकडून. सोबत ढोलासारखा गोल चढवला तर प्रकरण गंभीर.

रोज तारा येतातच, तर रोजचा अंदाज का देऊ नये, असं म्हणून १ ऑगस्ट १८६१ ला लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये पहिला सार्वजनिक अंदाज छापून आला. उत्तरेला मध्यम पश्चिमी वारा, आकाश स्वच्छ. पश्चिमेला मध्यम नैर्ऋत्य वारा, स्वच्छ. दक्षिणेला जोराचा पश्चिमी वारा, स्वच्छ. संपलं! आजच्या वाहिन्यांनी यावरून धडा घ्यावा.

आता शब्द. त्या काळी पंचांगवाले वर्षावर्षाचं हवामान 'प्रेडिक्ट' करून विकत होते आणि ते तडाखेबंद खपतही होतं. त्या ओळीत आपल्याला कुणी बसवू नये म्हणून फिट्झरॉयनं ठरवून दुसरा शब्द घेतला. १८६३ च्या आपल्या हवामानविषयक पुस्तकात त्यानं साफ लिहिलंय की ही प्रॉफसी नव्हे, प्रेडिक्शनही नव्हे. नोंदी शास्त्रीय रीतीनं एकत्र आणून आणि आकडेमोड करून जे मत बनतं, त्यालाच फोरकास्ट म्हणावं. आकडेमोड! म्हणजे पटावरच्या चकत्याच. शब्द त्यानं नवा बनवला नाही, चारशे वर्षं पडून असलेला उचलला, पण त्यातल्या हिशोबावर बरोबर बोट ठेवलं.

टोचा

आणि चुकला की पेपरवाल्यांनी धुतला असेल.

पागोळी

धुतलाच. पेपरांनी टिंगल केली, शास्त्रज्ञांनी याला सिद्धांताचा पाया कुठे आहे म्हणून विचारलं. ३० एप्रिल १८६५ ला त्यानं आत्महत्या केली. कारणं बरीच होती, पैसा, प्रकृती, स्वभाव. सगळं अंदाजांच्या माथी मारू नये. नंतर फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाच्या समितीनं त्याच्या कामावर ताशेरे ओढले आणि १८६६ मध्ये अंदाज बंद, वादळाचे इशारेही बंद. इशारे लोकांच्या ओरड्यामुळे पुढच्याच वर्षी परत आले, पण रोजचा सार्वजनिक अंदाज थेट १८७९ मध्ये. मधल्या काळात याच गाल्टननं १ एप्रिल १८७५ ला 'टाइम्स'मध्ये पहिला हवामान-नकाशा छापला. आदल्या दिवशीच्या हवामानाचा!

२००२ पासून ब्रिटिशांच्या सागरी अंदाजातल्या एका समुद्रपट्ट्याला 'फिट्झरॉय' नाव आहे. पूर्वीचं फिनिस्टेअर बदलून दिलं.

खाडीकाठ

शंकूवरून आठवलं. आमच्या बंदरावर 'तीन नंबरचा बावटा लागला' म्हणतात. म्हणजे होड्या ओढून घ्या, कुणी जाऊ नका. म्हातारे लोक मोबाईलवरचा मेसेज वाचत नाहीत पण बावटा बघतात. ही त्याच झाडाची फांदी का?

शिवाजीनगर

कल्पना तीच. भारतीय बंदरांच्या इशाऱ्यांना एक ते अकरा क्रमांक आहेत. दिवसा शंकू-गोलांसारखे आकार चढवायचे, रात्री लाल-पांढरे दिवे. तीन म्हणजे बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका आहे. दहा लागला तर प्रार्थना करा. अकरा म्हणजे खात्याशी संपर्कच तुटलाय आणि बंदर अधिकाऱ्याला हवामान खराब होणार असं वाटतंय.

आलोच आहे तर आमच्या पुण्याचं घुसवतो. शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा थांबा आहे. पुण्यात सिमला कुठून आलं असा प्रश्न नव्या माणसाला हमखास पडतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते सिमला ऑफिस. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं. नाव आणि इमारत इथेच राहिली.

खात्याची जन्मकथाही फिट्झरॉयसारखीच, आधी संकट मग शहाणपण. १८६४ मध्ये कलकत्त्याला भीषण चक्रीवादळ, मग १८६६ आणि १८७१ ला पावसानं दगा दिला, मग १८७५ मध्ये खातं. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. त्यांनी हिमालयातल्या बर्फाची सांगड पावसाशी घातली : बर्फ जास्त तर मोसमी पाऊस कमी. त्यावरून १८८६ पासून दर वर्षी अंदाज देणं सुरू झालं.

आणि या धाग्यासाठी खास : १९०४ ते १९२४ प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचे गणिती. जगभरच्या दाब-तापमानाच्या आकड्यांचे सहसंबंध काढत बसायचे, त्यातूनच पुढे 'सदर्न ऑसिलेशन', म्हणजे प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका, हाती लागलं. त्यांना मोसमाच्या बाबतीत 'फोरकास्ट' हाही शब्द जास्त ठाम वाटायचा. ते 'फोरशॅडोइंग' म्हणत. पुढची सावली पडणं, चाहूल लागणं. ज्या माणसानं सगळ्यात जास्त आकडेमोड केली त्यानंच सगळ्यात नरम शब्द निवडला, हे मला फार आवडतं.

निळी शाई

पागोळीताई, धागा झकास. पण सगळे इंग्रजीतल्या फेकण्यात गुंतलात आणि आपल्या तोंडातलं फेकणं कुणी पाहिलंच नाही.

आपण फोरकास्टला काय म्हणतो? अंदाज. अंदाज फारसी. 'अंदाख्तन' म्हणजे फेकणं, 'अंदाज' हे त्याच क्रियापदाचं रूप. खात्री नसेल तर मराठीतच बघा. तीरंदाज, तीर फेकणारा. गोलंदाज, गोळे फेकणारा. क्रिकेटात यायच्या आधी हा माणूस तोफेशी उभा असायचा. बरकंदाज, बर्क म्हणजे वीज, म्हणजे वीज फेकणारा, बंदूकवाला शिपाई.

म्हणजे हवामान खात्याचा फोरकास्ट आणि हवामान खात्याचा अंदाज, दोन्ही फेकाफेकीच. टोचांना आज सोन्याचा दिवस.

टोचा

मी बोलत नाही. माझं काम तुम्हीच करताय.

कपाशीवाला

अंदाजपंचे दाहोदरसे!

जुनापुराणा

निळी शाई, वा. यात एक पदर अजून आहे. फारसीच्या आधीची पहलवी, तिच्यात हेच क्रियापद 'हंदाख्तन' असं आहे आणि तिथे अर्थ फेकणं नाही. बेत करणं, विचार करून ठरवणं असा आहे. त्याच कुळातला मापाचा शब्द अरबीत जाऊन 'हंदसा' झाला, म्हणजे भूमिती, आणि त्यावरून अरबीत इंजिनिअरला 'मुहंदिस'. म्हणजे इंग्रजीत फेकण्यावरून मोजण्याकडे प्रवास दिसतो, तर इराणी भाषांत मोजण्या-ठरवण्याचा अर्थ आधी नोंदलेला सापडतो आणि फेकण्याचा नंतर. कुणी कुणाकडून उचललेलं नाही. दोन गावांना दोन वेगळ्या वाटांनी जाऊन एकच नदी लागावी तसं झालंय.

आणि मराठीत हिशोबाचा धागा तुटलेलाही नाही. सरकारचा वर्षाचा जमाखर्च आधी मांडतात त्याला आपण अंदाजपत्रक म्हणतो. पेढीवरचा 'कास्ट' आणि आपला 'अंदाज' तिथे समोरासमोर येतात.

तर्ककर्कश

हिंदीच्या नादानं हल्ली बातम्यांत 'पूर्वानुमान' घुसलंय, त्यावर नाक मुरडणाऱ्यांसाठी. शब्द हिंदीतून आला असेल, पण अनुमान ही न्यायशास्त्राची, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राची, खास मालमत्ता, आणि तिथलं उदाहरण पावसाचंच आहे.

न्यायसूत्रात (१.१.५) अनुमानाचे तीन प्रकार दिलेत : पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. पूर्ववत् म्हणजे कारणावरून कार्य. वात्स्यायनाच्या भाष्यात उदाहरण : मेघोन्नत्या भविष्यति वृष्टिरिति. ढग चढून आले, तेव्हा पाऊस पडणार. शेषवत् याच्या उलट, कार्यावरून कारण : नदी गढूळ होऊन दुथडी वाहतेय, ओढ वाढलीय, तेव्हा वर कुठेतरी पाऊस पडून गेलाय.

हवामानाचं मॉडेल जुन्या वर्षांवर चालवून पाहतात, त्याला 'हाइंडकास्ट' म्हणतात. ते काही शेषवत् नव्हे, लगेच जुळवू नका. तिथे झालेल्या गोष्टीचा अंदाज पुन्हा बांधून मॉडेलची परीक्षा घेतात. पण ढगावरून पाऊस हे पूर्ववत् मात्र फिट्झरॉयच्या व्याख्येत चपखल बसतं. बोलणं नाही, दिव्यदृष्टी नाही. लिंग म्हणजे खूण दिसली, व्याप्ती म्हणजे त्या खुणेचं पावसाशी असलेलं कायमचं नातं माहीत आहे, निष्कर्ष काढला.

कपाशीवाला

मी बुलडाण्याचा. तुम्ही सगळे अंदाज अंदाज करून राहिले, तर आमच्याकडची एक गोष्ट सांगतो.

जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात. गोल आखून त्याच्या कडेनं धान्यं मांडायची, अठरा प्रकारची. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाचे चार महिने. ढेकळांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पापड, करंजी, भजी, वडा असं एकेक. मग रात्रभर तिथे कोणी फिरकत नाही. पहाटे जाऊन बघायचं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणतं धान्य जागचं हललं. त्यावरून पाऊस, पीक, भाव, राजकारण, सगळं सांगतात. हजारो लोक ऐकायला येतात. माझे आजोबा, वडील दोघंही जायचे. मीही गेलो आहे. पेरणी मात्र ओल बघूनच करतो.

आता गंमत बघा. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते 'भेंडवळचं भाकीत'. अन् खात्याची बातमी असते 'हवामान खात्याचा अंदाज'. याच्या उलट कधी वाचलं का? 'भेंडवळचा अंदाज' एखादवेळी कोणी लिहील, पण 'हवामान खात्याचं भाकीत' म्हटलं की टोमणा वाटते. पागोळीताईंचा तो कप्तान जे पुस्तकात लिहून सांगत होता, ते आमच्याकडं चावडीवर बसणारा माणूसही न शिकता पाळते. भाकणं वेगळं, अंदाज बांधणं वेगळं. आपण अंदाज 'बांधतो', हे पण लक्षात घ्या. भाकीत कोणी बांधत नाही.

पागोळी

कपाशीवाला, धाग्याचं सार्थक झालं. 'भाकणं' म्हणजे परत बोलणंच, प्रेडिक्शनसारखं. यावर मला काही जोडायचं नाही.

टोचा

मान्य. पण मग अंदाज बांधा ना नीट. 'सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के' म्हणतात आणि आमच्या तालुक्यात बोंब.

शिवाजीनगर

टोचा, ते ९६ ते १०४ संपूर्ण देशाच्या, जून ते सप्टेंबर अशा चार महिन्यांच्या बेरजेबद्दल आहे. १९७१ ते २०२० या वर्षांची सरासरी ८७ सेंटीमीटर, तिच्या आसपास. त्यात चेरापुंजीही आली आणि जैसलमेरही. तुमच्या तालुक्यात जुलैत वीस दिवस उघडीप पडली आणि ऑगस्टच्या एका रात्रीत सगळं ओतलं, तरी तुमची बेरीज 'सामान्य' येऊ शकते. तुमचं पीक गेलेलं असतं, हेही खरं. एप्रिलचा अंदाज धरण आणि धान्यसाठा बघणाऱ्यांच्या कामाचा. पेरणीला पंधरा दिवसांचा बघा, फवारणीला पाच दिवसांचा, आणि वीज पडणार का यासाठी तीन तासांचा 'नाऊकास्ट'.

टोचा

हे खात्यानं असं मराठीत का सांगू नये?

शिवाजीनगर

हा टोला लागू आहे.

निळी शाई

अवांतर : प्रॉव्हिडन्सवरून. आपला प्रॉव्हिडंट फंड त्याच घरातला. पुढचं पाहून ठेवलेला पैसा. 'भविष्य निर्वाह निधी' हे भाषांतर वाईट नाही, पण ऑफिसात कुणी ते म्हणताना ऐकलं नाही. सगळे 'पीएफ निघाला का?' विचारतात.

खाडीकाठ

'नाऊकास्ट' कसा झाला मग? आत्ताचं फेकणं?

जुनापुराणा

फोरकास्ट फोडून केलेला. 'फोर' काढून 'नाऊ' बसवला आणि उरलेल्या 'कास्ट'लाच अंदाजाचा अर्थ देऊन टाकला. हाइंडकास्ट तसाच.

टेलिकास्ट, पॉडकास्टमधला कास्ट मात्र वेगळ्या घरचा. ते ब्रॉडकास्टची पिल्लं, आणि ब्रॉडकास्ट मुळात शेतीतला शब्द. बी मुठीत घेऊन हात फिरवत रानभर टाकायचं, ते ब्रॉडकास्ट. अठराव्या शतकात हा अर्थ होता; रेडिओला तो १९२० च्या दशकात मिळाला.

कपाशीवाला

फोकून पेरणं. आम्ही बरसीम, मेथी तशीच टाकतो. तर मग आकाशवाणीवरचा हवामान अंदाज म्हणजे फोकलेला फोरकास्ट झाला.

टोचा

फेकलेला, फोकलेला आणि तरी बांधलेला. चला, पाच दिवसांचा बघतो, उद्या फवारणी आहे.